कहाणीला ‘हूं’ कोण म्हणणार?

तलाठ्याशी लग्न झालं की घरात कागद साचतात, आणि कागदांबरोबर किस्सेही. ते ऐकायला माणूस मात्र शोधावं लागतं!

कुरखेड्यापुढच्या जंगलात आमचं क्वार्टर. यांच्या साझ्यात, म्हणजे तलाठ्याच्या हद्दीत, नऊ गावं. हे सकाळी मोटारसायकल काढतात ते दिवेलागणीलाच येतात. बदली माझ्या माहेराकडे, नागभीडला व्हावी म्हणून मी सोळा सोमवार धरले. व्रताची कहाणी कुणाला तरी सांगावी लागते. ऐकणाऱ्यानं हातात अक्षता घेऊन ‘हूं’ म्हणायचं. नाहीतर सोमवार वाया!

*

बदली का होत नाही, हे माझ्या आईला फोनवर समजावताना यांचा घसा बसला. "नागभीड चंद्रपूर जिल्ह्यात, मी गडचिरोलीचा. जिल्हा लवकर बदलून मिळत नाही, आई."

"आधी तं एकच जिल्हा होता, जावई! तोडला तवा मले विचारलं होतं का कोणी?"

*

माझी कहाणी ऐकायची शेवंताबाई, तळ्यात मासे धरणाऱ्या घरची. घर नाल्यापलीकडे, शंभर पावलांवर. पण तालुका दुसरा! नळाची पाइपलाइन नाल्याशी येऊन थांबली, म्हणून ती पाण्याला आमच्याकडे यायची. एकदा योजनेचा साहेब म्हणाला, "बाई, हे पाणी या तालुक्याचं आहे."

घागर डोक्यावर चढवत ती म्हणाली, "असू द्या, साहेब. माही तहान कोन्त्या तालुक्यात येते, तेवढं पाहून सांगा!"

सोमवारी पाणी भरून झालं की ती आमच्या उंबऱ्यावर टेकायची. "सांग बाई, मी ऐकून राह्यली."

*

दोन गावांच्या शिवेवर एक मोहाचं झाड. फुलं कुणी वेचायची? भांडण पेटलं. यांनी साखळी टाकून मोजलं. झाड निघालं इकडच्या गावात; पण वाऱ्यानं फुलं पडत तिकडे! यांनी तिकडच्या बायांना नियम समजावला. एक म्हातारी टोपली उचलून म्हणाली, "आमाले काय सांगता, भाऊ? वाऱ्याले नोटीस द्या!"

*

असे पंधरा सोमवार निघाले. मग शेवंताबाई लेकीच्या बाळंतपणाला गेली. सोळाव्या सोमवारी मी पूजा करून दारात उभी राहिले. रस्त्यानं एक बैल गेला, तेवढाच.

"आज तुम्हीच ऐका," यांना म्हटलं.

"रिठी गावाची पाहणी आहे आज." रिठी म्हणजे वस्ती उठून गेलेलं, फक्त कागदावर उरलेलं गाव.

"मग मीही येते. तिथे ऐका."

पडक्या भिंती, वडाखाली शेंदूर लावलेला देव. मी बसले, यांच्या हातात अक्षता दिल्या. यांनी त्या खिशात टाकल्या आणि फॉर्म उघडला. "सांग, ऐकतोय."

कहाणी अर्ध्यावर आली. यांचं पेन चाललेलं. ‘हूं’ काही येईना. मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

"हूं," भिंतीमागून आलं.

हे दचकून उठले. मागे चूल पेटलेली, दोन कोंबड्या आणि एक आजी. "पोरगा नव्या गावात राह्यते. मले इथीच बरं वाटते," ती म्हणाली.

हे फॉर्मकडे बघत राहिले. "पण आजी, इथली वस्ती निरंक आहे. कागदावर इथं कुणी राहतच नाही!"

आजी माझ्यासमोर मांडी घालून बसली.

"तुमचं लिहून होऊ द्या, भाऊ. पोरी, तू सांग. पुढं काय झालं?"