झिंजमधली पाझरणारी भिंत

भूत, करणी, बाधा... यातलं काही मी मानत नाही. आयुष्यभर नर्सचं काम केलंय. मेलेली माणसं आम्ही धुतो, पुसतो, कपडे घालतो. त्यातलं एकही कधी उठून बसलं नाही. पण बहारीनला आमच्या घरात जे झालं ते अजून उलगडलेलं नाही, म्हणून लिहितेय.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी वसईची, तिथल्या मनामा शहरात एका हॉस्पिटलात नोकरीला. नवरा पीटर ऑफिसात. फ्लॅट मिळेना, म्हणून झिंज नावाच्या वस्तीत जुनं मातीचं घर भाड्याने घेतलं. जाड भिंती, खजुराच्या खोडांचं छप्पर, मधे अंगण. मालक खलील हिंदी छान बोलायचा. घर दाखवतानाच म्हणाला, "मेरे दादा ने बनाया. तब इधर सिर्फ खजूर था. इस मोहल्ले में सबसे पहले हम आए."

उन्हाळा लागला आणि मागच्या खोलीची एक भिंत पाझरायला लागली. पिवळट, चिकट काहीतरी... बोट लावलं तर तार सुटायची. आणि वास! सुक्या मासळीच्या वासात मी लहानाची मोठी झाले, त्याचं मला काही नाही. हा वास वेगळा होता — आणि माझ्या ओळखीचा. वॉर्डात चिघळलेल्या जखमेची पट्टी सोडली की येतो, तोच. गोडसर, सडका.

पीटरला तो येतच नव्हता. "अगं, जमिनीतलं खारं पाणी चढतंय," एवढंच म्हणायचा. मला पाचवा महिना होता. घरात घास तोंडाशी नेला की उलटी. भाताला तोच वास, धुतलेल्या केसांनाही तोच. ड्युटीवर मात्र पोटभर जेवायचे. वजन उतरत चाललं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घर बदल, नाहीतर गावी जा.

मी खलीलला बोलावलं. तो म्हाताऱ्या आईला घेऊन आला. भिंतीला नाक लावून म्हणाला, "मफी, कुछ नहीं. कोई बू नहीं है." आई मात्र दारातच थांबली होती, अंगावरच्या काळ्या अबायाचं टोक नाकाला लावून.

"खलीलभाई, ये जख्म की बू है," मी म्हटलं.

त्याने आईला ते अरबीत सांगितलं. ती मटकन खाली बसली आणि बोलायला लागली. तो मला हिंदीत सांगत गेला.

ती या घरात लग्न होऊन आली तेव्हा तिचा धाकटा दीर मोती काढायला समुद्रात जायचा. एकदा तो अंगभर जखमा घेऊन परत आला. घरात लागण नको म्हणून सासऱ्याने त्याला या खोलीत ठेवलं आणि याच भिंतीतलं तेव्हाचं दार मातीच्या विटांनी बुजवलं. हात जाईल एवढी फट ठेवली. जेवण द्यायचं काम नव्या सुनेचं. वासाने तिला ओकारी यायची, म्हणून ती लांबूनच भात आत भिरकावायची. तो आतून म्हणायचा, "भाभी, ताटली ठेव ना. खाली पडलेलं मला दिसत नाही." एक दिवस त्याचा आवाज आलाच नाही.

खलील आईकडे वळला आणि भान नसल्यासारखा हिंदीतच म्हणाला, "यम्मा... मेरा चाचा था?"

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हातारी एकटीच आली. ताटलीत भात आणि मासा. भिंतीला टेकून बसली, ताटली नीट खाली ठेवली, त्यातलेच दोन घास स्वतः खाल्ले. तिने नाक झाकलं नाही. मी मात्र तोंडावर पदर धरून दारात उभी होते, मला ते बघवत नव्हतं.

संध्याकाळी भिंत कोरडी ठणठणीत. हात फिरवला तर नुसती धूळ पडली. वास गेला तो कायमचा. पीटर म्हणाला, उन्हाने सुकली. त्या खोलीत ऊन कधीच येत नव्हतं.

ऐंशीच्या दशकात ते घर पाडून बिल्डिंग बांधायची ठरली. आम्ही तेव्हा दुसरीकडे राहत होतो, म्हातारीही वारली होती. पाडायच्या आधी खलीलने तिथे सगळ्यांना जेवायला बोलावलं आणि घराचा इतिहास सांगितला — दादा कसे आले, विटा कशा पाडल्या, कोण कोण इथे जन्मलं. पाहुणे माना डोलवत होते. चाचाचा उल्लेख नाही.

मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "उसका नाम क्या था?"

"पूछा ही नहीं, सिस्टर. छोड़ो, खलास," म्हणाला आणि माझ्या ताटात मटणाचा मोठा तुकडा वाढला.

भिंत का पाझरली, का सुकली, मला सांगता येणार नाही. मलाच वास का आला, पीटरला का नाही, तेही नाही. खलीलच्या त्या जेवणाच्या वेळी तर तिथे कसलाच वास नव्हता. तरी तो घास माझ्या घशाखाली उतरला नाही.