खुर्चीचे हात कुणाचे

आमच्या गल्लीत एक सुतारीण आहे. लाकडापेक्षा माणसांवर जास्त रंधा मारते म्हणून सगळे तिला रंधाकाकू म्हणतात. हे नाव मी ठेवलं असा काकूंचा आरोप आहे, आणि मी तो नाकारलेला नाही.

काकूंनी एकदा खुर्चीचा छापील आराखडा विकत आणला. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: घरगुती वापरापुरता, विक्रीसाठी नाही. त्यांनी एक खुर्ची करून नवऱ्याला बसवलं. तो लगेच कण्हायला लागला.

"कागदावरच्या माणसाला पाठच नसावी," म्हणत काकूंनी आराखडा माळ्यावर फेकला.

मग त्यांनी आपलीच तऱ्हा काढली. ओल्या भुशाच्या ढिगावर गिऱ्हाइकाला बसवायचं आणि पडलेल्या खळग्यावरून बैठक कोरायची. अख्ख्या गल्लीची बुडं त्यांना तोंडपाठ. कोण कुठे कलतं ते मलाही ठाऊक आहे, पण इथे नको.

वाचनालयाने आठ खुर्च्या सांगितल्या. त्या तयार होऊन दुकानात उभ्या होत्या, तेवढ्यात आराखडेवाला उगवला. सोबत वाचनालयाचे चिटणीस, पडेल चेहऱ्याचे.

"ही माझी खुर्ची आहे. विकायची तर दर वेळी माझी परवानगी, आणि खाली माझं नाव. तसं लिहून द्या, नाहीतर वकील पाठवतो."

"काकू, भांडण मिटल्याशिवाय आम्हाला घेता येणार नाहीत हो," चिटणीस पुटपुटले.

"चार पाय आणि पाठ काय तुमच्या घरची? ही बैठक बघा, हा कल बघा. आहे तुमच्या कागदात?"

त्याने वाकून बघितलं. नव्हतं. पण त्याचं बोट हातांवर टेकलं. हातांवर वेल कोरलेली होती. "आणि ही?"

काकूंनी चक्क नजर चुकवली! असं आक्रीत मी जन्मात पाहिलं नव्हतं. वेल पानन् पान त्याच्या आराखड्यातली होती. काकूंना आवडली आणि त्यांनी ती बिनदिक्कत उचलली होती.

"अगं, सही करून टाक. एका सहीने काय होतंय?" नवरा म्हणाला.

"लग्नाच्या वेळी तुम्हीही हेच म्हणाला होतात."

काकूंनी करवत उचलली. एकेका खुर्चीचे हात कापले आणि सोळाच्या सोळा त्याच्या कवेत रचले.

"घ्या. वेल तुमची, बैठक माझी. सही नाही, नावही नाही."

"अहो, पण लाकूड तर तुमचं..."

"असू द्या. एवढ्या लांबून आलात, रिकाम्या हाताने कसं पाठवू?"

तो सरपण वाहिल्यासारखा निघाला. दार मी उघडलं; अशी संधी कोण सोडतो?

चिटणीस त्या थोट्या खुर्च्यांकडे बघत राहिले. "काकू, हातांशिवाय आमची म्हातारी मंडळी उठणार कशी?"

"परवा न्या. साधे हात लावून देते, वेलबिल काही नाही. आणि खाली माझं नाव डागून देते, चांगलं ठसठशीत. कुणाला वकील पाठवायचाच असेल, तर पत्ता शोधायला नको."