लॉरेटाचे न उमटणारे ठसे

नेब्रास्कातल्या ज्या गावात लॉरेटा वोबोरिल जन्मली, तिथंच ती बायकांचे केस कुरळे करत चाळिशीपार गेली. केस कुरळे करायच्या औषधात बोटं बुडवून बुडवून त्यांच्यावरच्या रेषा पार पुसल्या गेल्या होत्या. तिचं काही अडलं नव्हतं, कारण सरकारला तिच्या बोटांशी कर्तव्य नव्हतं.

मग तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, डेलनं, बल्गेरियातली मुलगी दत्तक घ्यायचं ठरवलं. परदेशातलं मूल आणायचं तर आईबापाचे ठसे हवेत; लेकरू गुन्हेगाराच्या हाती पडू नये म्हणून. ओमाहा शहरातल्या सरकारी कचेरीत डेलचे ठसे इतके सुरेख उमटले, की यंत्राला त्याची तरुणपणची भानगडही सापडली. शेजारगावच्या शाळेसमोरचा लाकडी बैल त्यानं ट्रॅक्टरला बांधून पळवला होता. त्यानं खुलासा लिहून दिला, साहेबांचं समाधान झालं. जिनं जन्मात कुणाचा चमचाही चोरला नव्हता, ती लॉरेटा मात्र ठसे उमटेनात म्हणून संशयित ठरली.

दुसऱ्या खेपेला ठसे घेणारी मुलगी वैतागून म्हणाली, "मॅडम, बोटं सैल सोडा."

"सैलच आहेत गं. झिजलीत ती."

यंत्रानं पुन्हा नापास केलं. आता ठशांऐवजी गावच्या पोलिसांचा दाखला हवा होता. पोलीसप्रमुख मिल्टन हा तिच्या मावसबहिणीचा नवरा, शिवाय गिऱ्हाईक. त्यानं तिला रिकाम्या कचेरीबाहेर ताटकळत ठेवलं, मग आत घेऊन विचारलं, कधी दंगा, मारामारी, फसवणूक?

"मिल्टन, तुझं टक्कल मी कसं झाकते ते गावात कुणाला कळलंय?"

"नाही."

"मग लिही, बाई भरवशाची आहे."

त्यानं लिहिलं. तेवढ्यात डेलच्या ठशांची मुदत संपली. बोटं तीच, पण सरकारदरबारी शिळी झालेली. त्याला पुन्हा ओमाहा गाठावं लागलं आणि बैलाचा खुलासा पुन्हा, आणखी सुवाच्य अक्षरात, लिहावा लागला.

वसंतात एकदाची मंजुरी आली. बल्गेरियातल्या अनाथालयात सहा वर्षांच्या रोसित्सानं दोघांना न्याहाळलं आणि ती डेलला चिकटली, कारण त्याच्या खिशात च्युइंगगम होतं. लॉरेटाला तिनं कितीतरी दिवस जवळ येऊ दिलं नाही. घरी आल्यावर मात्र एका सकाळी ती आपणहून लॉरेटाच्या केस कापायच्या दुकानातल्या खुर्चीवर चढली आणि भिंतीवरच्या कुरळ्या बाईच्या फोटोकडे बोट दाखवू लागली. लॉरेटानं केस कुरळे करायला नकार देऊन वेण्या घातल्या. पोरीनं थयथयाट केला, रिबिनी फेकल्या. लॉरेटा ओरडली, तिला रिबिनी उचलायला लावल्या, आणि दिवसभर येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत राहिली, आमची मुलगी भारी हट्टी आहे.