गिझरवाले किशनराव

किशनराव घरात आले की वाटीभर साबणाचं पाणी मागायचे. पिशवीतून दाढीचा जुना ब्रश काढायचे, फेस करायचे आणि सिलिंडरपासून शेगडीपर्यंत नळीच्या प्रत्येक जोडाला तो माखायचे. मग उकिडवे बसून फेसाकडे टक लावून बघत राहायचे. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माझ्या सासूबाई कानात पुटपुटल्या, "हा गॅस बघायला आलाय की दाढी करायला?"

किशनरावांनी ते ऐकलं. "फुगा आला की समजायचं, तिथनं गॅस निसटतोय, बाई," ते म्हणाले. "काडी ओढून बघणारा एकदाच बघतो."

मूळचे बिदरकडचे शेतकरी घरातले. तरुणपणी हैदराबादला आले आणि एका कारखान्यात बॉयलरवर पंचवीस वर्षं राबले. सरकारचं नवं आर्थिक धोरण आलं, कारखान्यानं माणसं कमी केली, तेव्हा किशनराव घरी बसले. पण घरी बसणं त्यांना जमेना. त्याच सुमारास सुलतान बाजारातली दुकानं नव्या वस्तूंनी भरायला लागली होती, आमच्या अंबरपेठेत घरोघरी गॅसचे गिझर येत होते. किशनरावांनी लुना काढली आणि शेगड्या-गिझर दुरुस्त करत फिरायला लागले. बॉयलर काय, गिझर काय, त्यांच्या लेखी सगळी एकच जात. "आगीला बी श्वास लागतो जी. तुमचा कोंडला की तुम्ही ओरडता. तिचा कोंडला तर ती गप राहून मारते."

आमच्याकडेही गिझर आला. सासूबाईंना त्याचं इतकं कौतुक, की आलेल्या पाहुण्याला चहाआधी न्हाणीघर दाखवायच्या. पुढच्या वर्षी डिसेंबरात माझी नणंद वसुधा हिचं लग्न ठरलं होतं. आठ दिवस उरले असताना किशनराव वर्षाच्या साफसफाईला आले. गिझर पेटवला, खाली वाकून ज्योत पाहिली आणि लगेच बंद केला.

"पिवळी पडलीय. न्हाताना कुणाचं डोकं दुखतं का? चक्कर?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. वसुधा पंधरा दिवस डोकं धरून बसत होती. आदल्याच दिवशी आंघोळ करून आली आणि दारातच मटकन खाली बसली होती. आम्ही म्हटलं, लग्नाची धास्ती. सासूबाईंनी तर दृष्टही काढली होती. मी ते सारं किशनरावांना सांगितलं.

किशनरावांनी न्हाणीघरात वर पाहिलं. झरोक्यात जुनी सोलापुरी चादर घट्ट कोंबलेली होती.

"हे कुणी केलं?"

"मीच," सासूबाई म्हणाल्या. "पोरीला गार वारा लागू नये म्हणून."

किशनरावांनी स्टुलावर चढून चादर ओढून काढली. "सिलिंडरचा गॅस वास मारून सांगतो तरी. कोंडलेल्या आगीतनं जो विषारी वायू निघतो, त्याला ना वास, ना रंग. अजून दोन मिनिटं आत राहिली असती तर..."

सासूबाई तिथेच भिंतीला टेकल्या. डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "माझ्या हातानं मी पोरीला..."

"नक्को बाई, असं नक्को." किशनरावांचा आवाज एकदम मऊ झाला. "थंडीपासून वाचवायला गेलात. मायच ते करणार. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आता मी सांगितलं. संपलं."

पण गिझर परत न्हाणीघरात लावायला ते तयार होईनात. बाहेर, मागच्या बोळात लावायचा आणि फक्त गरम पाण्याची नळी आत घ्यायची, असा त्यांचा हट्ट. माझे सासरे सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांना आदेश द्यायची सवय, ऐकायची नव्हे. ते कडाडले, "किशनराव, चाळीस पाहुणे येणार आहेत! लग्नानंतर बघू."

"नवरी मंडपात उभी पाहिजे का नको, तेवढं सांगा. मंग जातो."

सासरे स्वतःच हातोडा शोधायला गेले.

तीन दिवस घरात छिन्नीचा ठणठणाट चालला. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी किशनरावांनी सगळ्यांना बोळात बोलावलं. पाहुणे, स्वयंपाकाचे आचारी, हातावर ओली मेंदी घेऊन वसुधा. आतून कुणीतरी नळ सोडला. भप्प करून गिझर पेटला आणि निळीशार ज्योत सरळ उभी राहिली.

"ही बघा आमची नवरी," किशनराव म्हणाले. "निळा शालू नेसलीय!"

सगळा बोळ हसला. सर्वांत मोठ्यांदा सासरे हसले. दुसऱ्या दिवशी वसुधा हार घालताना इतकी टवटवीत दिसत होती, की सासूबाई आल्या-गेल्याला नवरीचं सोडून गिझरचंच सांगत सुटल्या.

नंतर कितीतरी वर्षं किशनराव येत राहिले. एकदा ते ओट्याशी शेगडी उघडून बसले होते आणि शेजारी सासूबाईंचं तूप कढत होतं. मी बाहेरून आले तर फाटकापर्यंत घमघमाट. "किशनराव, काय वास सुटलाय नाही?" मी म्हटलं.

त्यांचा हात थांबला. उठले, पातेल्यावर वाकले, पुन्हा वाकले. मग हळूच म्हणाले, "येईना जी."

शेगडी त्यांनी नीट जोडली, तपासली आणि पिशवी आवरली. "आजपासून बंद."

"अहो, हातातलं कसब कुठं गेलंय?" सासरे म्हणाले. "जरा सर्दी असेल."

"दोन महिने झाले, शंका होतीच. घरात पाऊल टाकताच जे कळायला पाहिजे, ते मला कळणार नाही. लोक माझ्या भरवशावर झोपतात जी."

पुढचे पंधरा दिवस ते लुनावरून अंबरपेठ ते गौलीगुडा घरोघर फिरले. मला आता बोलावू नका, यादगिरीला बोलावा, असं प्रत्येक घरी सांगून आले. हा यादगिरी म्हणजे त्यांचा धंद्यातला वैरी. "स्क्रू फिरवणारा" याखेरीज त्यांनी त्याला कधी दुसरं नाव दिलं नव्हतं. "पण नाक चांगलं हाय त्याचं," ते आमच्याकडे म्हणाले, अगदी नाइलाजानं.

त्या दिवशी सासूबाईंनी त्यांना हात धरून पाटावर बसवलं. इतक्या वर्षांत ते आमच्याकडे कधी जेवले नव्हते. ऊन पुरणपोळीवर तुपाची धार सोडत सासूबाई थांबल्या, त्यांच्याकडे बघत राहिल्या. वास नाही, मग या माणसाला काय लागणार, असं त्यांच्या मनात आलं असावं.

किशनरावांनी घास तोंडात टाकला, डोळे मिटून बराच वेळ चघळला आणि ताट पुढे सरकवलं.

"गोड कळतंय की अजून! वाढा, बाई."