बिनभुताचा सिनेमा

झरी आणि आसपासच्या दहा-पंधरा गावांत मला भूतवाल्या मॅडम म्हणतात. खरं नाव बबिता. नोकरी हायस्कुलात विज्ञान शिकवण्याची, पण नाव झालं ते भुतांच्या जिवावर. गेली सव्वीस वर्षं खाकी पिशवी घेऊन मी शाळाशाळांतून फिरते. पोरांसमोर पाणी शिंपडून नारळ पेटवते, लिंबातून रक्त काढते, आणि मग त्यामागचं रसायन सांगते. एका गावात घरावर दगड पडत होते, तिथे तीन दिवस मुक्काम ठोकून मी दगड मारणारा त्या घरच्या सुनेचा दीर शोधून काढला. एकदा स्मशानात बसून पोहे खाल्ले आणि तो फोटो पेपरात छापून आणला. फोटोत स्मशान जवळजवळ दिसतच नाही, सगळी मीच दिसते, हे माझ्या लेकीने पुढे दाखवून दिलं.

अशी बाई एका सिनेमाला घाबरली. तीही रविवारी, भर दुपारी, शेजारी नवरा झोपलेला असताना.

मागच्या मार्चमधली गोष्ट. लेक राजनंदिनी सुट्टीला आली होती. ती संभाजीनगरला नाट्यशास्त्र शिकते. तिने फोन टीव्हीला जोडला आणि विचारलं, "आई, तुला भीतीचे सिनेमे चालतात ना?"

"मला हसू येतं त्यांचं," मी म्हणाले.

"मग हा बघ. यात भूतच नाही."

मला ते जरा अपमानास्पद वाटलं. भूत आलं की त्याच्या मेकअपवर बोलायची माझी तयारी होती. माझे मिस्टर बुद्धभूषण दहा मिनिटांत घोरायला लागले. ते येलदरी धरणावरच्या वीजकेंद्रात बत्तीस वर्षं ऑपरेटर होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. यंत्राचा एकसुरी आवाज आला की त्यांना जाग राहते, आणि तो थांबला की झोप येते, असं त्यांचं म्हणणं. कूलरचा आवाज त्यांना पुरत नसावा.

सिनेमा परदेशी होता, खाली अक्षरं वाचायची. एक म्हातारी बाई, तिचा नवरा आणि त्यांचं दुमजली घर. बाईला सवय अशी, की जिना चढताना ती पायऱ्या मोजते. तेरा. एक दिवस नवरा सहज म्हणतो, "अगं, बाराच आहेत की. पहिल्यापासून बाराच." ती मोजते, तर बारा. बस, एवढंच. पुढे दीड तास काही घडत नाही. ती शेजारणीला विचारते, जुने फोटो काढून बघते, आणि नवरा प्रत्येक वेळी न चिडता, मायेने सांगतो, की असं काही नव्हतं गं. शेवटी ती जिन्याखाली बसून राहते. नवरा तिच्यापुढे चहा ठेवतो, डोक्यावरून हात फिरवतो. संपलं.

"मग खरं काय? बारा का तेरा?" मी विचारलं.

"ते सांगत नाहीत."

"असं कसं? प्रश्न काढला की उत्तर नको का?"

"आई, तुझे हात गार पडलेत," राजनंदिनी म्हणाली. मी तो कूलरचा परिणाम असल्याचं सांगितलं.

थोड्या वेळाने गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया आणायला निघाले आणि पाय आपोआप मोजायला लागले. अठरा. कुरडया घेऊन खाली आले, तर सतरा. पुन्हा वर गेले. बुद्धभूषण उठून चहाची वाट बघत होते.

"अहो, आपल्या जिन्याला किती पायऱ्या हायेत?"

"मोजल्या न्हाईत."

"तेवीस वर्षं झाली या घरात."

"रीडिंग कुणी मागितलं न्हाई ना," ते म्हणाले.

गच्ची ही पायरी धरायची की नाही, एवढाच घोळ होता. आठवीच्या पोराने तो केला असता, तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. पण त्या आठवड्यात मी रोज दोन-तीनदा मोजलं, आणि गुरुवारी सकाळी खडू घेऊन प्रत्येक पायरीवर आकडाच लिहून टाकला. सातव्या पायरीवर होते, तेव्हा फाटकाबाहेरून शेजारच्या धुरपताबाई बघत होत्या. या धुरपताबाईंच्या दारावरचं लिंबू-मिरची मीच भाषण देऊन काढायला लावलं होतं.

"मॅडम, काय करायलाव?"

"काही न्हाई. मोजायलेय."

त्यांनी पांढऱ्या खुणांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाहेरचं काही हाय का? असंल तर सांगा. माझ्या माहितीत एक माणूस हाय, लय चांगला."

संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं, की भूतवाल्या मॅडमला लागलं. राजनंदिनीला इतकं हसू आलं, की ती हसत हसत खाली बसली. मीही हसले. पण आतून मला कळत होतं, की प्रश्न पायऱ्यांचा नाही. कशाचा आहे, ते मात्र कळत नव्हतं.

शनिवारी देवगाव फाट्याजवळच्या एका शाळेत कार्यक्रम होता. मुख्याध्यापक पंडित सर, निवृत्तीला दोन महिने राहिलेले, हसतमुख माणूस. अडीचशे पोरं पटांगणात बसली होती. नारळाचा प्रयोग मी नेहमी आधी करते. शेंडीत सोडियमचा तुकडा दडवलेला असतो, वर पाणी शिंपडलं की जाळ होतो. मी मंत्र पुटपुटण्याचं नाटक केलं आणि पाणी शिंपडलं. नारळ ओला झाला. पुन्हा शिंपडलं. अजून ओला झाला.

पंडित सर माईकवर म्हणाले, "नारळानं मॅडमचं ऐकलं न्हाई वाटतं."

पोरं हसली. एरवी मीही दोन विनोद करून पुढे गेले असते. पण मला स्पष्ट आठवत होतं, की सकाळी ओट्यावर नारळ ठेवून, चिमट्याने धरून मी तो तुकडा शेंडीत सरकवला होता. चिमट्याचा गारवासुद्धा आठवत होता. शेंडी उसवून पाहिली, आत काहीच नव्हतं. 

तेवढ्यात पुढे बसलेल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुमाला कशाचीच भीती वाटत न्हाई का?"

हा प्रश्न मला प्रत्येक गावात विचारतात. उत्तर ठरलेलं आहे, छाती पुढे काढून द्यायचं. त्या दिवशी छाती निघाली नाही.

"वाटते," मी म्हणाले. "आपलंच डोकं आपल्याला फसवतंय का, याची वाटते."

आणि मग, का ते माहीत नाही, मी आईबद्दल बोलायला लागले. माझी आई लक्ष्मीबाई शेवटची दोन वर्षं सगळं विसरत गेली. सकाळी मला अदबीने विचारायची, "तुमी कुणाच्या, बाई?" कधी म्हणायची, दारात कडुनिंब होता, कुणी तोडला. आणि मी तिला दुरुस्त करायचे. न चिडता, मायेने. इथं कधीच कडुनिंब नव्हता, आई. मी तुझी बबिता, आई. पेपर तपासावा तशी दिवसातून वीस वेळा तिची चूक दाखवायचे, आणि वाटायचं, मी तिची केवढी सेवा करते. ती गप्प होऊन भिंतीकडे बघत बसायची. त्या सिनेमातला चहा देणारा नवरा मला इतका भयंकर का वाटला, ते मला अडीचशे पोरांसमोर, हातात ओला नारळ धरून कळलं.

 आता काय करावं, ते मला सुचेना, म्हणून पोरांना म्हणाले, की तुम्हाला कशाची भीती वाटते ते चिठ्ठीवर लिहा, नाव नको. पंडित सरांनी स्वतः फिरून कागद वाटले आणि गोळा केले.

घरी येऊन पिशवी उलटी केली, तर सोडियमची बाटली बाजूच्या कप्प्यात होती, तुकडे जसेच्या तसे. बुद्धभूषणनी सगळं ऐकून घेतलं.

"तू सव्वीस वर्षं तो तुकडा घालायलीस," ते म्हणाले. "आठवायलंय ते मागच्या येळचं असंल. आमच्याकडं नवीन पोरं असंच करायची. मीटरचा काटा न बघता कालचं रीडिंग लिहायची, अन् शपथेवर सांगायची की बघितलं म्हणून."

"मग ती खोटं बोलायची का?"

"न्हाई. त्यांना खरंच बघितल्यासारखं वाटायचं."

मी नवऱ्याला इतकी वर्षं अबोल समजत होते. विचारलंच नव्हतं काही, हे आता लक्षात आलं.

तरीही राजनंदिनीने मला परभणीला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले, घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. मी त्यांना म्हटलं, की तुमचा तिसरा प्रश्न मोघम आहे, विद्यार्थ्याचा गोंधळ होईल. ते म्हणाले, "तुमची स्मरणशक्ती उत्तम आहे. बाकी स्वभावाला माझ्याकडे औषध नाही." राजनंदिनीने हे वाक्य वडिलांना फोन करून ताबडतोब कळवलं.

चिठ्ठ्या पुढच्या शुक्रवारपर्यंत पिशवीत तशाच राहिल्या. जेवणं झाल्यावर त्या काढल्या आणि बुद्धभूषण एक-एक मोठ्याने वाचायला लागले. भुताचं नाव फक्त अकरा पोरांनी लिहिलं होतं. एकाने लिहिलं होतं, घरात सगळे गप्प बसतात तेव्हा. एकीने, इंग्रजी मोठ्याने वाचताना. कुणी लिहिलं, पप्पा फोन उचलत नाहीत तेव्हा. मी डोळे पुसत होते आणि राजनंदिनी न बघितल्यासारखं करत होती.

मग एक चिठ्ठी वाचता वाचता ते थांबले. अक्षर मोठ्या माणसाचं होतं, शेरे मारून मारून घटवलेलं. लिहिलं होतं, 'निवृत्त झाल्यावर सकाळी उठून कुठे जायचं.'

बुद्धभूषणनी ती चिठ्ठी वेगळी काढून ठेवली.

"पंडित सरांचा नंबर हाय का तुझ्याजवळ?" त्यांनी विचारलं.

मी नंबर दिला. त्यांनी लगेच फोन लावला, आपली ओळख सांगितली आणि म्हणाले, "सर, रविवारी येलदरीला मासळी आणायला जायलोय. येता का? काम काही न्हाई. बसू जरा पाण्याकडं बघत."