उभ्या गाडीतली सीट

ओट्यावर दूध तापत होतं आणि नणंदबाईंचं तोंड त्याच्याही आधी उतू चाललं होतं. "वहिनी, चहा तिसऱ्यांदा गरम करायची नाही मी. आधीच सांगून ठेवते." वहिनी, म्हणजे साऱ्या गल्लीच्या गादीवाल्या मावशी, पुढच्या खोलीत फतकल मारून बसलेल्या. मांडीवर रेक्झिन, दातांत दोरा. हूं म्हणायलाही तोंड मोकळं नव्हतं. तेवढ्यात दार वाजलं.

दारात धुळीने माखलेले एक गृहस्थ. मावशींनी लगेच ओळखलं. त्यांच्या जुन्या चॉकलेटी मोटारीची मागची सीट मावशींनीच नुकती नवी करून दिली होती. आज पहाटे जुन्या गाड्यांचा ताफा जुन्या हमरस्त्याने निघाला होता, त्यात हेही होते.

"काय हो दादा, टाका उसवला?"

"टाके शाबूत आहेत. आईचीच हाडं खिळखिळी झालीत."

बाहेर गाडीला टेकून म्हातारी उभी होती, एक हात कमरेवर. मावशींना बघताच म्हणाली, "तूच का गं ती? तुझी गादी म्हणजे सासू आहे, सासू! टेकावं तर उडवून लावते. प्रत्येक खड्ड्याला माझं डोकं टपाला आपटतं."

"बाकीचे पंपावर थांबलेत," मुलगा म्हणाला. "आई म्हणते, मी आपली बसने घरी जाते."

"हौस आहे का मला परत फिरायची?" म्हातारीचा आवाज एकदम उतरला. "लग्न होऊन आले ती याच गाडीतून, याच रस्त्याने. एकदा शेवटपर्यंत जायचं होतं."

मावशींचा जीव चरकला. सीट त्यांची, ठपका त्यांचा, आणि खोळंबा मात्र या माउलीचा.

हे काम मुळात नवऱ्याचं. तो सीट बसवली की गाडी बाजारापर्यंत फिरवून आणायचा, परत उसवायचा, कुठे काथ्या वाढवायचा, कुठे काढायचा. तो गेला आणि मावशींनी दाभण हातात घेतलं. हात त्याच्यापेक्षा साफ, असं लोक तोंडावर म्हणत. पण मावशींना गाडी चालवता येत नव्हती, आणि जुन्या गाड्यांचे मालक दुसऱ्या कुणाच्या हाती किल्ली सोडतील तर शपथ! मग मावशी अंगणातच सीटवर बसायच्या, डोळे मिटून डावी-उजवीकडे कलायच्या, टोचेल तिथे सारखं करायच्या. त्या गाड्याही बहुतेक प्रदर्शनातच उभ्या राहायच्या. तक्रार येणार कुठून?

नणंदबाई कप घेऊन बाहेर आल्या. "मी ओरडत होते ना, काथ्या इतका ठासू नका म्हणून! पण माझं ऐकतील तर त्या वहिनी कसल्या."

"ऐकायला हवं होतं, बाई," मावशी म्हणाल्या. नणंदबाईंना याची सवय नव्हती. त्या चहा पुढे करायच्याच विसरल्या.

"थोडा काथ्या काढून टाका, म्हणजे झालं," गाडीवाल्या दादांनी घाई केली.

मावशींनी दाभण उचललं, सीटच्या कडेला लावलं आणि थांबल्या. थोडा म्हणजे किती? जास्त निघाला तर म्हातारी थेट स्प्रिंगांवर बसायची. त्या स्वतः गाडीत मागे जाऊन बसल्या, सवयीने डोळे मिटले. सीट लोण्यासारखी! तशी लागणारच. उभ्या गाडीत ती सांगणार काय, कप्पाळ?

"उरका मावशी. काय लागेल ते सांगा, आणून देतो."

मावशींनी दाभण पदराला खोचलं.

"आणायला काही नको, दादा. आईंना पुढे बसवा आणि गाडी सुरू करा. मी इथेच मागे बसते. खड्ड्याखड्ड्यांतून एक चक्कर मारून आणा मला."