बापूचा मीटर आणि माझी ट्रंक

चहा आधी खाली ठेवा बघू. हसताना ठसका लागला तर मला बोल नको. येडेपणा मी आयुष्यात बक्कळ केला, पण ह्या एका येडेपणाची आठवण झाली की अजून कान गरम होतात.

सत्तर सालाच्या पुढची गोष्ट. मी पलटणीतून सुटून आलो होतो. तिथं सिग्नलला हवालदार होतो, वायरलेसचे सेट दुरुस्त करायचो. मूळ गाव कुंडल. पण बायको मी फौजेत असतानाच गेली, मूलबाळ नाही, आणि भावाच्या उसाच्या रानात नुसतं बसून खायचं मनाला पटेना. मग कराडला लागून मलकापुरात एक खोली घेतली, बाहेर रेडिओ दुरुस्तीची पाटी लावली. पुढं दुकान, मागं मी.

दिवसा ठीक असायचं हो. संध्याकाळी दुकानाच्या फळ्या लावल्या की संपलं. दुरुस्तीला आलेले सगळे रेडिओ एकदम लावून बसायचो. सगळे बोलायचे, पण माझ्याशी कोण बोलणार? बॉर्डरवर मला कधी एकटं वाटलं नाही, ते मलकापुरात वाटलं. स्वतःपुरती भाकरी थापायची, ती करपायची, आणि करपली म्हणून चिडायलाही समोर कोणी नसायचं.

आमच्या गल्लीच्या टोकाला बापू राहायचा. विहिरीवरच्या पंपांच्या मोटारी जळल्या की आतली तार नव्यानं भरून द्यायचा. त्यानं मुंबईहून एक स्वस्तातला मीटर मागवला, व्होल्ट-बिल्ट मोजायचा. आता तुमच्या डोळ्यांपुढं आकडे दिसणारा मीटर आला असेल. छे! तसला तेव्हा आमच्याकडं बघितला होता कुणी? हा काट्याचा. माझ्याकडंही तसलाच एक होता. तर बापूनं पहिल्याच दिवशी बटण भलत्याच खुणेवर ठेवलं आणि मीटर थेट लायटीला लावला. धूर निघाला. तो घेऊन आला माझ्याकडं.

"हवालदार, ह्याला जित्ता करा. आन तुमच्या मीटरसंगं ताडून बघा, खरं बोलतोय का न्हाई ते."

आतला एक रेझिस्टन्स जळाला होता. तो बदलला, कथलाचा डाग मारून जोडला, काटा हलायला लागला. मग दोन्ही मीटर ताडून बघायला बॅटरीतला नवा सेल घेतला. माझा मीटर भिंतीवर खिळ्याला टांगलेला असायचा. फौजेची सवय, ज्या त्या वस्तूची जागा ठरलेली. बापूचा मीटर ठेवला माझ्या काळ्या पत्र्याच्या ट्रंकेवर. तेच माझं टेबल. माझा काटा गेला दीड व्होल्टावर, बापूचा थोडा मागं राहिला. मी आतला स्क्रू पिळून तो दीडावर आणला, फळ्या लावल्या आणि ऐटीत बापूच्या घरी गेलो.

तिथं तोच सेल लावला, तर काटा पावणेदोनावर!

बापू गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "हवालदार, माझ्या घरात आल्यावर सेलाला बी ताकद आली म्हनायची."

मला तर तोंड लपवायला जागा सापडेना. बापूची आई, सगळी गल्ली तिला आक्का म्हणायची, ती चुलीपुढं बसली होती. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या त्यो मीटर. आलायसा तर जेवून जावा."

जोंधळ्याची भाकरी, वांग्याचं कालवण, आणि समोर माणसं. वाढता वाढता आक्कानं विचारलं, मीठ बरोबर पडलंय का. खरं सांगतो, मला कुणी असं काही विचारून किती काळ लोटला होता. आता मिठाचं विचारलं म्हणून फौजी माणसानं रडायचं असतं का? मान खाली घालून जेवलो.

मीटर परत घरी आणला, ट्रंकेवर ठेवला. काटा बरोब्बर दीडावर. दुसऱ्या दिवशी पुन्हा नेला. पुन्हा पावणेदोन, पुन्हा जेवण. पुन्हा आणला, पुन्हा दीड. माझ्या घरी मीटर ठणठणीत, बापूच्या घरी आजारी!

काय काय नाही केलं? चालताना हिसके बसत असतील म्हणून टॉवेलात गुंडाळून, उराशी धरून नेला. बापूच्या घरात सोप्यात ठेवून बघितला, माजघरात बघितला, परड्यात बघितला, शेवटी म्हशीच्या गोठ्यात. आक्का कंदील धरून माझ्या मागं मागं. सगळीकडं पावणेदोन. मग मी निदान केलं, की मीटर बरा आहे, दोष बापूच्या घरात आहे. बापूनं शांतपणे विचारलं, घर बदलायचं का मग.

हे सगळं गल्लीभर झालं. एक दिवस चहाच्या गाड्यावर चहावाला चारचौघांत म्हणाला, "हवालदार, त्यो मीटर दुरुस्त करू नगा बरं. आक्काच्या हातची भाकरी बंद हुईल."

सगळे हसले, मीही हसलो. पण लागलं हो. सिग्नलचा माणूस मी, आणि लोकांना वाटतंय की मी भाकरीसाठी मुद्दाम मीटर बिघडवतोय. त्या दिवशी बापूकडं जायचंच नाही असं ठरवलं. ट्रंकेला टेकून शर्टाचं बटण लावत बसलो. सुई हातातून निसटून ट्रंकेवर पडली. उचलायला गेलो तर निघेना, पत्र्याला चिकटून बसलेली.

झाकण उघडलं. आतल्या बाजूला लोहचुंबक, फाटक्या स्पीकरमधून काढलेलं. बारके स्क्रू हरवू नयेत म्हणून मीच तिथं चिकटवलं होतं. आणि बापूचा मीटर रोज नेमका त्याच्या डोक्यावर! चुंबकाजवळ मीटरचा काटा खोटं बोलतो, हे पलटणीत नव्या पोरांना कोण शिकवायचं? मीच शिकवायचो.

तुम्हाला वाटेल, हाच तो येडेपणा. थांबा, तो पुढंच आहे.

चुंबक आणि मीटर घेऊन निघालो. वाटेत चहावाल्यालाही ओढून घेतलं. बापूच्या सोप्यातच स्क्रू पिळून काटा दीडावर आणला, मग चुंबक जवळ नेऊन काटा कसा ढळतो ते सगळ्यांना दाखवलं. आणि छाती काढून बोललो, "बघितलंसा? मी काय जेवाय येत नव्हतो. आता मीटर बरा झाला, आता माझं हितं यायचं कामच न्हाई."

आक्का ताट घेऊन उभी होती. ते ताट माझंच होतं.

"मग आज?" तिनं विचारलं.

"जेवून आलोय," मी म्हटलं. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता.

अब्रू वाचली. ती घेऊन घरी आलो, चुंबक झाकणाला परत लावलं आणि पाणी पिऊन झोपलो. पुढचे दिवस फार वाईट गेले. रेडिओ लावायचो, बंद करायचो. कालवणात मीठ जास्त पडायचं आणि मीच मला सांगायचो, जास्त पडलंय. बापू रस्त्यात भेटला की रामराम घालायचा. पण ज्यानं यायचं काम नाही म्हणून सांगितलं, त्याला बोलावणार कसं?

शेवटी एका संध्याकाळी राहवेना. माझा मीटर खिळ्यावरून काढला, ट्रंकेवर बरोबर चुंबकाच्या डोक्यावर ठेवला, सेल लावला. काटा मागं! बिघडला! इतका आनंद मला पेन्शन मंजूर झाली तेव्हाही झाला नव्हता. मीटर टॉवेलात गुंडाळला आणि जवळजवळ पळतच बापूचं घर गाठलं.

"बापू, माझा मीटर खोटं बोलाय लागलाय. तुझ्यासंगं ताडून बघायचाय."

बापूनं त्याचा मीटर आणला, दोन्ही शेजारी ठेवले, सेल लावला. दोन्ही काटे दीडावर. जराही फरक नाही.

नसणारच! चुंबक राहिलं होतं घरी, ट्रंकेत.

मी काट्यांकडं बघत होतो आणि बापू माझ्याकडं. आतून आक्काचा आवाज आला, कालवण आज जरा तिखट झालंय, हवालदाराला चालेल का म्हणून. बापूनं दोन्ही मीटर बाजूला सारले, पाट मांडला आणि हळूच म्हणाला,

"हवालदार, फुडच्या खेपंला त्ये लोहचुंबक खिशात घालून येत जावा."